सुभेदारांचा विमा

मराठीत विमा उतरवतात. दृष्टही उतरवतात. दृष्ट उतरवली की मीठ-मोहऱ्या विस्तवावर तडतडतात आणि काहीतरी घडल्याचं घरच्यांना समाधान मिळतं. विमा उतरवला की एक एसएमएस येतो. आमच्या घरी सुभेदारांची दृष्ट दर अमावस्येला उतरते. ती माझे वडील, आबा, उतरवतात, फुकट. विमा मी उतरवला, आणि त्याबद्दल मला अजून कोणी चांगलं म्हटलेलं नाही.

सुभेदार म्हणजे आमचा काळा लॅब्राडॉर. वय साडेतीन वर्षं, वजन ३६ किलो, हुद्दा आबांनी दिलेला. पिल्लू असताना तो बाल्कनीतल्या कुंड्यांसमोरून असा चालायचा, की पेन्शनीत निघालेला सुभेदार परसातल्या वांग्यांची पाहणी करतोय असं वाटावं. ऑफिसातला एक सहकारी कॅनडाला जाताना 'दोन महिने सांभाळ' म्हणून त्याला आमच्याकडे ठेवून गेला. त्या दोन महिन्यांना आता तीन वर्षं झाली. सहकारी तिकडे नागरिक होण्याच्या मार्गावर आहे आणि सुभेदार इकडे आमच्या दिवाणावर.

गेल्या पावसाळ्यात सुभेदारांना गोचीड ताप आला. पुण्यात कुत्रा पाळणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गोचीड चावतो, रक्तात जंतू सोडतो, प्लेटलेट खाली येतात, आणि रोज सकाळी दुधाच्या पिशवीकडे आशेनं बघणारा प्राणी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. चार दिवस सलाईन झालं. बिल देताना डॉक्टर सहज म्हणाले, "याचा विमा नाही काढला?" हे डॉक्टर परळच्या, म्हणजे १८८६ साली सुरू झालेल्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले. हाताला हलके आणि बोलायला त्याहून हलके. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "कुत्र्याचा विमा असतो म्हणे." मनीषा म्हणाली, "तुमचा आहे का?"

या प्रश्नाला उत्तर न देता मी एजंटला फोन लावला.

एजंट हा तरुण, टापटीप आणि आशावादी मुलगा होता. त्यानं लॅपटॉप उघडला आणि पहिल्याच रकान्यात अडकला. कुत्र्याची खरेदी किंमत.

"फुकट मिळालाय," मी म्हणालो.

"शून्य सिस्टीम घेत नाही, सर."

आबा खुर्चीत बसून ऐकत होते. ते म्हणाले, "बैलावानी खातोय, बैलाचा भाव लाव."

तिथं मला पहिल्यांदा समजलं, की दिवाणावर झोपणारं, रिमोट पळवणारं, आमच्या ओंकारच्या वाढदिवसाला केकचा पहिला तुकडा खाणारं हे घरातलं माणूस कागदावर एक वस्तू आहे. टीव्हीसारखी. तिला बाजारभाव असतो आणि वयाबरोबर तो घसरतो. सरकारी कंपन्यांच्या जुन्या श्वान विम्यात तर आठ आठवड्यांपासून आठ वर्षांपर्यंतचंच कुत्रं घेत. त्याच्या आधी ते पुरतं कुत्रं झालेलं नसतं आणि त्याच्या पुढे म्हातारं होतं. हे ऐकल्यावर ७८ वर्षांच्या आबांनी सुभेदारांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या स्वतःच्या मेडिक्लेमच्या वेळी त्यांना असंच काहीतरी ऐकवण्यात आलं होतं.

मग ओळखीची खूण. माणसाच्या फॉर्मवर 'उजव्या गालावर तीळ' लिहून भागतं. संपूर्ण काळ्या कुत्र्याच्या अंगावर तीळ शोधणं हे वेगळं काम आहे. कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवून घेतली तर तिच्या १५ आकड्यांवर ओळख पटते. ती नसेल तर फोटो चालतात: समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि मागून. काळ्या कुत्र्याचा घरात फोटो काढला, की फोटोत सोफ्याला पडलेलं भोक दिसतं. खिडकीत उभा केला तर सावली दिसते. शेवटी गच्चीवर नेलं. ओंकारनं समोर बिस्कीट धरलं, मनीषानं मागून शेपूट सरळ धरली आणि मी जमिनीवर आडवा होऊन मोबाईल धरला. वरच्या मजल्यावरचे जोशीकाका कपडे वाळत घालायला आले होते, ते काहीही न विचारता बादली घेऊन परत खाली गेले.

प्रीमियम सहा हजारांच्या आसपास बसला. १ फेब्रुवारीपासून सुभेदार सुरक्षित झाले.

पॉलिसी मी वाचली. हे वाक्य लिहिताना मला अभिमान वाटतो, कारण पॉलिसी वाचलेला माणूस मी त्याआधी पाहिलेला नव्हता. २८ पानं होती. काय मिळेल ते पहिल्या चारेक पानांत आटोपलं होतं, उरलेली सगळी पानं काय मिळणार नाही याची. हे अगदी आमच्या मंगल कार्यालयाच्या करारासारखं झालं: हॉल मिळेल, बाकी काही विचारू नका.

युद्ध झालं आणि त्यात सुभेदार जखमी झाले, तर पैसे नाहीत. अणुस्फोट झाला तर नाहीत. मला वाटतं अणुस्फोटानंतर कुत्र्याची बिलं घेऊन कंपनीच्या दारात जाणारा माणूस पुण्यातच निघू शकतो, आणि कंपनीला त्याचा अंदाज असावा. सुभेदारांना शर्यतीत पळवलं तर नाहीत. पैसे घेऊन राखणीला ठेवलं तर नाहीत. ही अट मी निश्चिंत मनानं मान्य केली. चोर आला तर सुभेदार त्याला फ्रिज कुठे आहे ते दाखवतील.

दात साफ करणं, नखं कापणं, अंघोळ, जंताचं औषध, खास आहार, नसबंदी, बाळंतपण यांतलं काहीही नाही. खर्च रोजचा असेल तर तो तुमचा. विमा संकटासाठी असतो, संसारासाठी नाही, असं एजंट म्हणाला आणि हे वाक्य त्याला कुणीतरी प्रशिक्षणात दिलेलं होतं हे कळत होतं. लशींचा प्रकार अजून बारीक. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो यांच्या लशी वेळेवर टोचलेल्या नसतील आणि त्यातला आजार झाला, तर क्लेम मिळणार नाही. लशीचे पैसे? तेही मिळणार नाहीत. सासूबाईंनी 'पुरण कमी पडलं तर तुझी जबाबदारी, आणि डाळही तुझ्याच घरून आण' म्हणावं तसं.

आईबापांकडून आलेले विकार वगळले होते. लॅब्राडॉरच्या खुब्याचं हाड नीट न बसण्याचा एक विकार असतो, तो त्यात आला. आता सुभेदारांचे आईबाप कोण हे कॅनडाच्या वाटेवरच्या सहकाऱ्यालाही माहीत नव्हतं, तरी त्यांच्याकडून आलेलं सगळं मात्र आमच्या खात्यावर.

आणि 'पूर्वीपासूनचा आजार'. पॉलिसीच्या तारखेआधी जे झालं होतं, ते नाही. म्हणजे ज्या गोचीड तापामुळे मी हा विमा काढला, तो गोचीड तापच विम्यात नाही. वरातीमागून घोडं आपण ऐकलेलं असतं. इथं वरातीमागून कुत्रं निघालं होतं. माणसाच्या आरोग्य विम्यात निदान मुदत असते. पूर्वीचा आजार कंपनीनं जास्तीत जास्त किती काळ लांबणीवर टाकावा याची मर्यादा नियामकानं २०२४ साली चार वर्षांवरून तीनवर आणली. सुभेदारांच्या कागदात अशी मुदत नव्हती. पूर्वीचं ते कायमचं. आमच्या गावाकडं भाऊबंदकी अशी चालते.

मिळणाऱ्या गोष्टींत एक प्रकरण मला फार आवडलं: तृतीय पक्ष. मराठी माणसाला शुक्लपक्ष, कृष्णपक्ष, पितृपक्ष, वरपक्ष आणि शेतकरी कामगार पक्ष एवढे माहीत असतात. विम्यात तुम्ही पहिला पक्ष, कंपनी दुसरा आणि उरलेलं जग तिसरा. तुमचं कुत्रं या जगाला चावलं किंवा जगाच्या वस्तूची नासाडी केली आणि जग तुमच्यावर उलटलं, तर कंपनी मधे पडते. घरातली माणसं मात्र जगात मोडत नाहीत. सुभेदार कुरिअरवाल्याला चावले तर पैसे. आबांना चावले तर घरगुती मामला. सोफा फाडला तर सोफा आपला, कुत्रं आपलं, तोंड मिटून बसा.

अशा अटी नव्या नाहीत म्हणा. धर्मराज कुत्र्याला घेऊन स्वर्गाच्या दाराशी पोचले तेव्हा इंद्रानं त्यांना हेच सांगितलं होतं: तुम्ही या, कुत्रं कव्हर होत नाही. पुढे ते कुत्रं म्हणजे साक्षात यमधर्म निघाला, म्हणजे अर्जदारानं वस्तुस्थिती लपवली होती. विम्याच्या कायद्यात याला फार मोठा दोष मानतात. दोन्ही बाजूंनी 'परम सद्भाव' हवा, काहीही दडवायचं नाही. अमेरिकेत कुत्र्याची पहिली विमा पॉलिसी १९८२ साली निघाली ती लॅसीच्या नावानं, टीव्हीवरच्या त्या प्रसिद्ध कुत्रीच्या. आता लॅसीचं काम पहिल्यापासून नर कुत्रे करत आले आहेत. फॉर्मवर लिंगाच्या रकान्यात काय भरलं असेल, याचा विचार मी बरेच दिवस करतो आहे. स्वीडनमध्ये तर कुत्र्याचा विमा १९२४ पासून आहे आणि तिथं बहुतेक कुत्र्यांचा तो असतोच. आबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "थंडीचा मुलूख हाय. मान्सं घरात बसून करनार काय."

आबांचं विम्याबद्दल स्वतंत्र मत आहे आणि ते अनुभवातून आलेलं आहे. वाळवा तालुक्यात आमच्या गोठ्यात म्हशी होत्या आणि त्यांचा विमा होता. म्हशीच्या विम्याला २८ पानं लागत नाहीत. डॉक्टर येतो, म्हैस बघतो, किंमत ठरते, आणि कानात बिल्ला मारतात. तो बिल्ला म्हणजेच म्हैस. म्हैस मेली की डॉक्टरचा दाखला आणि कानातला बिल्ला जमा करायचा, तरच पैसे. बिल्ला नाही तर पैका नाही, हे गोठ्यातलं पोरगंही म्हणून दाखवायचं.

आमच्या शेजारच्या वस्तीवरची एक मुऱ्हा म्हैस कुंपणाच्या काट्यात कान फाडून आली. बिल्ला गेला. मालक म्हणाला, उद्या डॉक्टरला सांगून नवा मारू. त्या रात्री तिला साप चावला. मग त्या घरातली आठ माणसं तीन दिवस कुंपण, बांध आणि उकिरडा चाळत होती. शेणाची एकेक पाटी पसरून, हातानं कालवून, ज्वारीतले खडे निवडावेत तसा बिल्ला निवडत होती. आबाही दोन दिवस गेले मदतीला. बिल्ला चौथ्या दिवशी सापडला, म्हातारीच्या बटव्यात. नातवानं कुंपणापाशी उचलून तिला पानाच्या चुन्याची डबी म्हणून दिला होता. तोवर म्हैस पुरून झाली होती आणि पुरलेल्या म्हशीचा दाखला द्यायला डॉक्टर तयार नव्हता.

"म्हशीला दावं असतंय," आबा ही गोष्ट संपवताना दर वेळी म्हणतात, "आनि मानसाला दावा. दोनी गळ्यातच पडत्यात."

एप्रिलमध्ये एका सोमवारी रात्री सुभेदारांनी ओंकारच्या शाळेचा मोजा गिळला. ओंकारनं हे डोळ्यांनी पाहिलं. त्यानं मोज्याचं एक टोक धरलंही होतं, पण रस्सीखेचीत वजनाला महत्त्व असतं. मंगळवारी सकाळी सुभेदारांनी तीनदा ओकारी काढली, दुधाकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड. आम्ही त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. क्लेमची खबर २४ तासांत द्यायची असते हे पॉलिसी वाचलेल्या माणसाला आठवलं आणि मी दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. मराठीसाठी तीन दाबलं.

"क्लेम नोंदवायचा आहे. सुभेदारांना ॲडमिट केलंय."

"ऐकून वाईट वाटलं, सर. काय झालं त्यांना?"

"मोजा गिळला."

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला.

"सर, सुभेदारसाहेबांचं वय?"

"साडेतीन."

"सर... ते आत्ता बोलण्याच्या परिस्थितीत आहेत का?"

"नाहीत. पण शेपूट हलवतायत."

"एक मिनिट होल्ड करा, सर," बाई म्हणाल्या. नंतर तीन मिनिटं सनई ऐकू आली.

सनईपलीकडून योग्य खात्यातला माणूस आला आणि त्यानं मुख्य प्रश्न विचारला. घटना अचानक, अनपेक्षितपणे घडली का? हे तो स्वतःच्या मनानं विचारत नव्हता. विम्याच्या जगात अपघाताची ठरीव व्याख्या आहे: अचानक, अकल्पित आणि अनैच्छिक घटना, जी बाहेरच्या, दिसणाऱ्या आणि हिंसक कारणानं घडते. मी पायरीवर बसून एकेक शब्द तपासला. मोजा बाहेरचा होता. गिळेपर्यंत दिसतही होता. हिंसक म्हणाल तर दोन दिवस न धुतलेला होता. पण अनैच्छिक? सुभेदारांनी आयुष्यात इतक्या इच्छेनं दुसरं काही केलं नसेल. आणि अकल्पित म्हणावं, तर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सुभेदारांचा आजचा मेनू' नावाची मालिकाच आहे: रुमाल, भांडी घासायची घासणी, टॉवेलचा कोपरा, एकदा सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण.

"अगदी अचानक," मी म्हणालो. परम सद्भावाला माझ्या बाजूनं पडलेला तो पहिला तडा.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पोट फाडायची गरज नव्हती, दुर्बिणीनं निघेल म्हणाले. भूल दिली, नळी घातली, आणि पंधराएक मिनिटांत चिमट्याच्या टोकाला ओंकारचा मोजा बाहेर आला. आम्ही काचेतून टाळ्या वाजवणार, एवढ्यात डॉक्टरांनी हात वर केला. "थांबा. अजून काहीतरी आहे."

दुसऱ्या खेपेला जे निघालं ते आधी कुणालाच ओळखता आलं नाही. चहा गाळायच्या फडक्याच्या रंगाचं, पिळलेलं, हातभर लांब. डॉक्टरांनी ते ट्रेमध्ये पसरलं. टाचेवर दुहेरी टाका होता.

"हा माझा," आबा म्हणाले.

तो आईनं विणलेला लोकरीचा मोजा होता. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिनं विणलेल्या जोड्यांपैकी हा शेवटचा धड जोड, आणि संक्रांतीच्या थंडीत त्यातला एक हरवला म्हणून आबांनी आठवडाभर सगळ्यांशी बोलणं टाकलं होतं. मशीन उघडलं होतं, माळा शोधला होता. सुभेदार त्या शोधात आबांच्या मागे मागे सगळीकडे फिरले होते.

बिल झालं ३१,४०० रुपये. डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावर, परळच्या शिकवणुकीला जागून, खरं तेच लिहिलं: दोन बाह्य वस्तू, पैकी एक बऱ्याच काळापासून पोटात असावी. मी 'बऱ्याच काळापासून' या शब्दांकडे बघत राहिलो. मनीषा हळूच म्हणाली, "बराच काळ म्हणजे फेब्रुवारीनंतरचाही असू शकतो."

बिल ऑनलाईन भरून घरी आलो आणि कागद जमवायला लागलो. यात कॅशलेस वगैरे नसतं, आधी आपण भरायचे आणि मग मागायचे. मूळ बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, सोनोग्राफी, लशींची वही, फोटो. आबांनी एकच सांगितलं. "मोजे टाकू नका. बिल्ला न्हाई तर पैका न्हाई." दोन्ही मोजे त्यांनी स्वतः प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाल्कनीत टांगले.

पंधरवड्यानं कंपनीचे तपासनीस आले. पन्नाशीचे, शांत, दारात बूट आणि बुटांत मोजे नीट कोंबून आत आलेले सद्गृहस्थ. पाणी प्यायले, कागद चाळले. सुभेदार येऊन त्यांच्या पायाशी बसले, पाय हुंगले आणि काहीतरी मनात नोंदवून बाहेर गेले.

"वस्तू जपून ठेवल्या आहेत का?"

मी बाल्कनीत गेलो. पिशवीत ओंकारचा मोजा होता. एकच.

"दुसरा?"

आबांनी खुर्चीत बसल्या बसल्या धोतर थोडं वर घेतलं. दोन्ही पायांत मोजे होते. एक चॉकलेटी, दुसरा चहाच्या फडक्याचा. "धुतला आन् घातला," ते म्हणाले. "जोडी लागली. टाकून काय करायचा?"

तपासनिसांनी चष्मा पुसला. "आजोबा, हा कधी हरवला होता?"

मी खोकलो. मनीषानं चहा विचारला, तोही दोनदा. पण आबांनी ७८ वर्षांत कधी तारीख चुकवलेली नाही. "संक्रांतीच्या आदल्या दिशी," ते म्हणाले. "भोगीला. बाजरीची भाकरी खाल्ली, हात धुतला आन् बगतोय तर मोजा न्हाई."

तपासनिसांनी लिहून घेतलं. भोगी जानेवारीत, पॉलिसी फेब्रुवारीत. आबांचा मोजा पूर्वीपासूनचा आजार ठरला.

पुढे कंपनीचं पत्र आलं, त्यात हिशेब होता. हातमोजे, पट्ट्या वगैरे धरून १,४०० रुपये आधीच बाद. राहिलेल्या ३०,००० मध्ये दुर्बीण एक आणि मोजे दोन, म्हणून अर्धे. त्या १५,००० मधून २० टक्के आमचा वाटा. हातात १२,०००. आबा विमा लोकपालाकडे जाऊ म्हणत होते. आधी कंपनीकडे तक्रार करायची आणि महिनाभर उत्तराची वाट बघायची असते, हे ऐकल्यावर त्यांचा उत्साह मावळला. तसे १२,००० म्हणजे प्रीमियमच्या दुप्पट, मी तरी तक्रार करणार नाही. पत्राच्या तळाशी पुढच्या वर्षासाठी नवी ओळ होती: कापड, लोकर अथवा तत्सम वस्तू गिळल्यामुळे होणारा खर्च यापुढे वगळण्यात येत आहे. म्हणजे पुढच्या वर्षीपासून सुभेदार फक्त जे खात नाहीत त्याच्यासाठी सुरक्षित राहतील.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलंच. तपासनीस चहा पिऊन उठले, आम्ही दारापर्यंत पोचवायला गेलो. त्यांनी उजवा बूट उचलला, मोजा काढला, घातला. डावा बूट उचलला. आत बोटं घातली. बूट उलटा करून झटकला. मग ते चपलांच्या स्टँडखाली वाकून बघायला लागले, आणि ते वाकलेले असतानाच आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी दिवाणाकडे बघितलं. दिवाणाखाली सुभेदार दोन्ही पंजांवर हनुवटी ठेवून पडले होते. ओठाच्या कडेला करड्या रंगाचा एक दोरा लोंबत होता, तोही आमच्या देखत आत गेला.

आबा काठी टेकत पुढं आले.

"ह्यो बघा, साहेब, पॉलिसीच्या नंतरचा," ते म्हणाले. "तारीख, टाइम तुमीच घाला. आन् ह्यात तर तिसरा पक्ष बी तुमीच."